तीन ताट्या

मार्चचा चौथा रविवार. गच्चीवर कूलर उताणा पडलाय,
तळाशी गेल्या उन्हाळ्याची क्षाराची पांढरी साय,
एक वाळलेली पाल, आणि कुणाचं तरी रबरबँड.
उत्पला टाकीच्या सावलीत बसून
मोठ्यानं पाठ करतेय,
वसंतात ओसाकात काय काय करावं.

गजभिये सरांनी दहा वाक्यं मागितलीत मंगळवारपर्यंत.
सदरचा क्लास, खाली फॉल-पिकोचं दुकान,
वर एकच पंखा, सोळा मुली, तीन मुलं,
आणि सगळ्यांना तिकडच्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला जायचंय.
असं म्हटलं की ती चिडते.
काळजीवाहक म्हणा ना बाबा.
बरं, काळजीवाहक.

एक. किल्ल्याच्या खंदकाकाठी फुलं बघत चालावं.
दोन. नदीत होडीनं फिरावं, पुलाखालून जाताना मान वाकवावी.
तीन. टांकसाळीचं आवार वर्षातून एकच आठवडा उघडतं,
आत झाडंच झाडं. तिथे जावं.

टांकसाळीत? माझ्या हातातला पाना थांबला.
नाणी पाडतात तिथे वाट्टेल त्याला आत सोडतात, काहून?
झाडं बघायला, ती म्हणाली.

मी तेहतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात काढली, हिंगणा रोडला.
फाटकाच्या आत एक करंज होता.
चैत्रात त्याच्याखाली जांभळट सडा पडायचा,
आम्ही त्यावर स्कूटर लावायचो.
बाहेरून कोणी बघायला आलं नाही.
आतून तरी कोणी बघितला?

चार. रस्त्यावरचे गरम गोळे खावेत,
आत आठ पायांचा प्राणी असतो.
भांडं आपल्या अप्पेपात्रासारखं दिसते गं, जिन्याच्या दारातून तिची आई.
नाइट ड्यूटीहून आलीय, झोपलेली नाही,
मेयोचं ओळखपत्र अजून गळ्यात.

तिथे म्हणे बातम्यांत रोज सांगतात
फुलं आज कुठल्या गावापर्यंत पोचली.
आमच्याकडे पारा पोचतो. काल एकोणचाळीस.

पाचवं झालं आणि गाडी अडली.
पेन दातात. मग एकदम भराभर लिहायला लागली.
सहा. सकाळी तर्री-पोहे खावेत, तर्री दोनदा मागावी.
सात. सूर्य बुडेपर्यंत फुटाळ्याच्या भिंतीवर बसावं.
ओसाकात फुटाळा कुठून आला?
सर तरी कुठे गेलेत ओसाकाला, ती म्हणते,
क्रियापद शेवटी आलं की मार्क मिळतात.

क्रियापद शेवटी. म्हणजे आपल्यासारखंच.
वाक्य संपेपर्यंत कळायचं नाही
माणूस येतोय की जातोय.

जुनं गवत हात लावताच भुगा झालं.
कमाल चौकातून आणलेल्या नव्या ताट्या
ती एकेक करून माझ्या हातात देत गेली.
इचिमाई. निमाई. सान्माई.
हे काय नवीन?
सपाट वस्तू अशा मोजतात. कागद, चादर, तिकीट.
लांब वस्तूंना वेगळं. माणसांना आणखी वेगळं.
माणसं तीन असली तर?
सान्निन.
आणि दोन?
ती ताटीची तार पिळत राहिली, गरजेपेक्षा जास्त.
फुतारी, म्हणाली, जरा वेळानं.

कूलर दोघांनी धरून खाली आणला, खिडकीतल्या घोडीवर चढवला.
पंप लावला. डाव्या कोपऱ्यातून पाणी येईना,
भोकात झाडूची काडी घातली, मग आलं.
पहिला वारा धूळ आणि ओल्या गवताचा.
तिची आई त्या झोतासमोर
ओळखपत्रासकट आडवी झाली आणि झोपली.

वही घेऊन उत्पला माझ्याजवळ सरकली, हळू आवाजात.
नऊ झाली. एक तुम्ही सांगा.
मला काय ठाऊक तिथलं. फुलांचंही मला जमायचं नाही.
तरी सांगितलं, लिही,
झोपण्याआधी टाकीत पाणी आहे का ते बघावं.
तिनं दोनदा वाचलं.
क्रियापद शेवटीच होतं.