अकरा हजारांची बोट

पास्कूनं पंधरा म्हणत म्हणत अकराला सोडली.
"इंजान मेला हा, पण हाडां बरी आसत."
निळी, फायबरची, डाव्या कुशीला ठिगळ,
नाव खरवडून गेलेलं, उरलंय फक्त 'माता'.

ट्रेलर आमचाच. उसाच्या ट्रॉलीचा जुना आस,
शिरोलीत वेल्डिंग मारून आणलेला.
पुढं शिवगोंडाची स्कॉर्पिओ, हप्ते अजून चालू,
आणि करूळ घाट.

पहिल्या गिअरात क्लचचा करपट वास.
प्रत्येक वळणावर बोट आधी दरीत डोकावायची,
मग सावकाश आमच्या मागं यायची,
नव्या सुनेसारखी.
बुडाच्या भोकातनं वाळू गळत होती,
गगनबावड्यापर्यंत देवगडची बारीक रेघ.
शिवगोंडा आरशात बघून म्हणाला,
"पाण्यातलं जनावर डोंगरावर चढवालोय गा आपण."

कळ्यात चहाला थांबलो तर गर्दी.
"केवढ्याला?"
"अकरा."
"म्हशीपेक्षा स्वस्त की! दूध किती देती?"
मी पण हसलो.
बालिंग्याच्या पुलावर मात्र गप्प झालो,
खाली नदी घोट्याएवढी.

चिखलीत पोचायला अंधार पडला.
बोट गोठ्याशेजारी लावली.
अक्काताई कंदील घेऊन आली,
लाइट गेलेली.
"आणि पाणी कुठाय?"
मी काही बोललो नाही.
कंदिलाच्या उजेडात भिंतीवरची ती रेघ दिसत होती,
खिडकीच्या वर दोन वीत.

पहाटे बघतो तर बाई बोटीत बसलेली,
बोटं मोडत.
"आठ माणसं बसत्यात," म्हणाली,
"पण रेडकू कुठं बांधायचं?"