एक ल, एक र

लेक मस्कतला बाळंत झाली
तेव्हा मी अंगणवाडीत मटकी निवडत होते.
मुलगी. दोन किलो नऊशे.
आमच्याकडे फोन मामा तलावाच्या पाळीवरच लागतो,
म्हणून मोहाच्या बुंध्याला पाठ टेकून
नातीचं रडणं ऐकलं.
खाली पाण्यातून कुणीतरी म्हशी हाकलत होतं,
तेही तिला ऐकू गेलं असेल.

दहाव्या दिवशी चित्ररेखा म्हणाली,
आई, पोरीची दूतावासात नोंद करा लागते,
नोंदीबिगर पासपोर्ट नाही,
पासपोर्टबिगर गावाले येणं नाही.
म्हटलं, नोंदीचं मले नको शिकवू बाई.
एकतीस वर्षं झाली,
या गावात कोण जन्मलं, किती भरलं,
सगळं माझ्याच अक्षरात आहे.

पण खिडकीतल्या माणसाने कागद परत केले.
पासपोर्टवर चित्ररेखा,
लग्नाच्या दाखल्यावर चित्रलेखा.
दोन बाया दिसतात, म्हणाला.
बाळंत तर एकच झाली.
हेमराज क्रेनवर बारा तास बसणारा,
अर्धा पगार कापून दोनदा रांगेत उभा राहिला,
दोन्ही वेळा त्या ल पाशी अडला.

तो ल आमच्याच ग्रामपंचायतीतला.
लाइन जाऊन-येऊन होती, वैशाख होता,
मागचे सचिव घाम पुसत टाइप करत होते.
मी तेव्हा वाचलं नाही.
मी, जी शंभर ग्रॅमचा घोळ असला
तरी पोर पुन्हा काट्यावर ठेवायला लावते.

आधी जन्माचा पुरावा आणा, नवे सचिव म्हणाले.
शाळेचा दाखला होता. त्यावर एक जुलै.
बोरकुटे मास्तरांनी अर्धा वर्ग
एक जुलैलाच जन्माला घातला होता.
खरं तर ती धान चुरायच्या दिवसांतली,
खळ्यावर बैल फिरत होते तेव्हाची.
ते कुणी विचारलं नाही.
मीही बोलले नाही.

मग त्यांनी जन्माची जुनी वही काढली.
वाळवीने कडा खाल्लेल्या, पान सुटतं.
सापडली: आईचं नाव माझं, पुढे नुसतं
स्त्री जात.
नाव कुणी भरलंच नव्हतं.
सचिव पान उलटत राहिले, उगाच,
आणि दोन पानांपुढे पुन्हा माझं नाव,
पुन्हा स्त्री जात,
पुन्हा कोरा रकाना.
ही कोण, त्यांनी विचारलं.
अकरा दिवसांची होती, मी म्हटलं.
बारसं बाराव्याला होतं.

त्यांनी वही हळू मिटली. पंखा फिरत नव्हता.

सिंदेवाहीला जाऊन मुद्रांकावर लिहून दिलं
की चित्ररेखा आणि चित्रलेखा
ही एकच व्यक्ती असून
मी शपथेवर सांगते.
अंगठा नाही, सही केली.
सही करताना हात थोडा थांबला.
वकिलाला वाटलं, मी वाचते आहे.

आता सगळं जुळलं, तर नाव अडलं.
आपल्या वहीत बिननावाचं लेकरू वर्षभर चालतं,
तिथे नाव नसेल तर अर्जच घेत नाहीत.
चित्ररेखा म्हणाली, तूच सांग, रांगेतच आहो आम्ही.
पाळीवर वारा होता. फोन दोन्ही हातांनी धरला.
सरला, म्हटलं.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग म्हणाली, आई, जुनं आहे गं हे नाव.
जुनं आहे, म्हटलं, वापरलेलं नाही.
आणि यात र पण आहे, ल पण आहे,
दोन्ही नीट लिहाले सांग त्यायले.

काल दाखल्याचा फोटो आला.
चष्मा पुसून एकेक ओळ वाचली, बोट ठेवून.
नाव बरोबर. वजनाचा रकानाच नाही,
कसला दाखला म्हणावा.
कायमचा पत्ता: कन्हालटोला.
अहो कन्हाळटोला!
हेमराज म्हणतो, मामी, इंग्रजीत ळ नसतो.

असू दे.
यायचा रस्ता सापडला म्हणजे झालं.