मागचा शहाणा

जेनोव्हात रस्ते कमी, पायऱ्याच फार.
मधोमध विटांची पट्टी, दोन्ही अंगांना गोटे,
नि टेकडी संपेस्तोवर चढण.
त्या पायऱ्या आम्ही आधी संगणकात बांधल्या.
लुदोविकानं उंची घातली, उतार घातला,
घर्षणाचा आकडा घातला
आणि मग तो मुद्दाम बिघडवत राहिली.
कधी तेल सांडल्यासारखा,
कधी काथ्यासारखा खरखरीत.
गुरुत्वाकर्षणालाही तिनं थोडं हलकं-जड होऊ दिलं.
"खोटं जग एकाच तऱ्हेनं खोटं नको," म्हणायची,
"त्याला सवय लागेल त्याची."

चार हजार यंत्रं एकदम चढत होती,
चार हजार एकदम पडत होती.
आवाज नाही.
मी कॉफी घेऊन येईपर्यंत
एक अख्खं बालपण पडून झालेलं असे.
कुणाचा गुडघा फुटला नाही.
पडून कुणी इकडेतिकडे पाहिलं नाही,
कुणी बघतंय का म्हणून.
पडलेलं पुसलं जाई,
पहिल्या पायरीशी पुन्हा उगवे,
हिशेबात तेवढी एक वजाबाकी.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

तो मागचा, खराखुरा, चौतीस किलोंचा,
मार्चमधल्या एका मंगळवारी गाडीतून उतरवला.
पट्टा माझ्या हातात.
डोळे त्याला नव्हतेच, पायांनी पाहायला शिकवलेलं.
पहिल्या पायरीवर पाऊल टेकलं, उचललं,
बोटभर पुढे टेकलं,
परक्या घराचा उंबरा अंधारात चाचपावा तसं.
पायरी मधोमध झिजलेली.
किती शतकांच्या चपलांनी, कोण जाणे.
आमच्या पायऱ्या तर सगळ्या नव्या कोऱ्या होत्या.

अकराव्या पायरीवर
सिन्योरा बाचिगालुपोनं नुकतीच
मासळी धुतल्याची बादली ओतली होती.
खवले. उन्हात चमचमणारे.
खवले कुणी घातले नव्हते संगणकात.
त्याचा मागचा पाय सटकला, कंबर वाकडी झाली,
मी पट्टा आवळला,
पण तोवर तो सावरलाही होता,
कुठल्या चुकीच्या गुरुत्वाकर्षणात शिकलेल्या
कुठल्याशा वेड्यावाकड्या पावलानं.

लुदोविका ओरडत मागून धावली
आणि त्याच खवल्यांवर
पालथी पडली.

सिन्योरा आधी हसली, मग खाली आली.
लुदोविकाचा तळहात स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरून
बोलत राहिली जेनोव्हाच्या जुन्या बोलीत,
ज्यातलं आम्हाला निम्मं कळलं.
बाहेर चौदाव्या पायरीवर
तो जागच्या जागी पाय उचलत उभा,
शहाणा, कोरडा,
वाट बघत होता म्हणावं तर तसं काही नव्हतं.

संध्याकाळी ती डाव्या हातानं टाइप करत होती.
"खवल्यांचं घर्षण किती धरू?"
म्हटलं, "ते तुलाच ठाऊक."
पट्टी बांधलेल्या हाताकडे बराच वेळ पाहून
तिनं एक आकडा घातला.

आणि चार हजार यंत्रं
आवाज न करता
घसरली.