दुरुस्तीचा गुणक

एल आल्तोत आम्ही सकाळी आधी बॅरोमीटर वाचतो,
मग कोकाच्या पानांचा चहा.
सहाशे सव्वीस मिलिबार. कालही सव्वीस, परवा सत्तावीस.
बाबा म्हणतो, आभाळाचा पगार ठरलेला आहे,
इथे कुणाला वाढ मिळत नाही.

आज इलारियोन कुटीपाची गाडी.
इकिकेच्या बंदरात उतरलेली जुनी जपानी,
स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे आणलेलं,
डॅशबोर्डवर त्याचा व्रण, घाईत टाके घातल्यासारखा.
चार पट्ट्यांनी तिला जमिनीला बांधतो,
चाकं रोलरवर,
समोर कमरेएवढा पंखा.
वारा येतो भरपूर.
त्या वाऱ्यात हवा मात्र तेवढी नसते.

बाबा ॲक्सिलरेटर तळाला नेतो.
गाडी जागच्या जागी ताशी एकशे तीस धावते,
पत्रे थडथडतात, कुत्रं उठून बाहेर जातं.
पडद्यावर रेघ चढते, अजून चढते,
आणि अर्ध्या घाटात बसकण मारते.
बासष्ट.

"कागदावर एकशे पंधरा आहेत," कुटीपा म्हणतो,
"माझे त्रेपन्न घोडे कुठे गेले?"
"दहा-पंधरा गिअरबॉक्सनं खाल्ले.
बाकीचे खाली राहिले, इकिकेला."
बाबा तापल्या बोनेटवर हात ठेवतो,
दुखणाईताच्या कपाळावर ठेवावा तसा.
"पेट्रोल आहे, ठिणगी आहे, पिस्टन घासही पुरा घेतोय.
पण घासात जेवण कमी."

मग मी एक कळ दाबते.
संगणक हवेचा दाब विचारतो, तापमान विचारतो,
एक पूर्णांक सहानं गुणतो:
नव्व्याण्णव. समुद्रसपाटीला.
कुटीपाचा चेहरा उजळतो.
गाडी विकायची आहे, त्याला हाच कागद हवा.

समुद्रसपाटी.
आमच्या देशाला समुद्र होता, पणजोबाच्या बापाच्या काळात,
युद्धात गेला.
दर मार्चमध्ये शाळेत त्याच्यासाठी कवायत केली आम्ही,
पांढरे मोजे घालून, एकीनंही तो पाहिला नव्हता.
"असता तर" आम्हाला संगणकानं शिकवायला नको.

बाबा मात्र एकदा उतरला होता, अरिकापर्यंत,
टर्बोचे सुटे भाग आणायला.
पाण्याशी उभा राहून नुसता श्वास घेत बसला म्हणे,
जुन्या कोटाच्या खिशात नोटा सापडाव्यात तसा.
रात्री झोप येईना. तिसऱ्या दिवशी परत.
"उगाच ताकद अंगात," म्हणाला,
"करायचं काय तिचं?"

आता त्याचं रक्त दाट झालंय.
ओठ जांभळे, नखंही.
डॉक्टरीणबाई म्हणतात, खाली राहायला जा, निदान कोचाबांबाला.
तो हसतो: "शरीरानं आपलं आपणच टर्बो बसवलंय,
फुकटात झालं, तुम्ही काढायला निघालात?"

कुटीपाला त्याचा कागद दिला.
बाबानं आपल्या वहीत लिहिलं: बासष्ट.
नेहमी तेच लिहितो, गुणल्याशिवायचं.
"ही गाडी समुद्रावर नाही चालणार.
चौदा माणसं आणि बटाट्याची पोती घेऊन
ला पासहून हा चढ चढणार आहे.
चढाला बासष्टच कळतात."

संध्याकाळी शटर ओढून तो माडीवर निघतो.
लोखंडी जिना, तेरा पायऱ्या.
मी खाली पाने पुसत राहते, वर न बघता मोजते.
मागच्या महिन्यात दहाव्या पायरीवर थांबायचा.
आज आठव्या.
कठडा धरून उभा आहे, रस्त्यावरचं काहीतरी बघितल्यासारखा.

वही उघडीच आहे.
बासष्टच्या खाली मी लिहिते: आठ.