हात खिशात

आधी हात खिशात घाल, नोदार म्हणाला,
आणि उंबरठ्यावरच थांब.
पाहिल्याशिवाय पाऊल नाही.

चियातुरा. तिसरा मजला. खाली खाणीचं पाणी पिऊन काळी झालेली नदी.
मँगनीजची धूळ इथे कुणाला विचारून येत नाही,
खिडकी लावा, फटींत चिंध्या कोंबा,
सकाळी टेबलावर बोट फिरवलं की बोट काळं.
मकवाला म्हणते, जन्म गेला पुसण्यात.

प्रेताकडे सगळ्यात शेवटी बघायचं.
आधी दिवा: चालू. खिडकीची कडी: आतून.
शेगडी: गार. रेडिओ: चालू, हलक्या आवाजात हवामान.
वास? — लिही, वास फोटोत येत नाही.
मी लिहिलं, कांदा. ओली लोकर.
आणि तिसरा एक, ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता.
रेघ ओढून जागा सोड, तो म्हणाला.

मग फोटो. चार कोपऱ्यांतून चार,
मग जवळून, मग पट्टी ठेवून.
पट्टीशिवाय कुठलीही जखम
बघणाऱ्याच्या भीतीएवढी दिसते.

टॉर्च आडवा धर. अजून खाली.
जमिनीला गाल टेकल्यासारखा.
धरला,
आणि त्या काळ्या धुळीतून पावलं वर आली,
जणू कुणी नुकतंच उठून गेलं.
गुरामच्या सपाता, फरफटत, स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर.
एक बूट, टाचेचा तुकडा उडालेला.
आणि एक छोटं, रुंद, घाईचं पाऊल
सरळ मोरीपर्यंत.

ते माझं, दाराबाहेरून मकवाला म्हणाली.
कप घासून ठेवले. दोन होते.
माणसं येणार आता घरात,
उष्टी भांडी कशी राहू द्यायची?

मला वाटलं, नोदार ओरडेल.
त्यानं तिला जिन्यात खुर्ची दिली,
तिची दहाही बोटं एकेक करून धरली, शाईत टेकवली, कागदावर लोळवली,
पोराकडून पहिलं अक्षर गिरवून घ्यावं तशी.
तुमचे ठसे वगळायला हवेत, बाकीच्यांतून.
आणि सहज विचारल्यासारखं:
कपांत कॉफी होती? गाळ?

होता की. एका कपात नुसताच.
दुसरा बशीवर पालथा.
उलटा करून पाहिलाही मी, सवय हो.
काय दिसलं?
रस्ता, ती म्हणाली. लांबचा. मध्येच तुटलेला.

नोदारनं तेही लिहून घेतलं,
तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत.
आणि खाली, मला दाखवत, एक ओळ:
परका माणूस कप पालथा घालत नाही.
भविष्य वाचून घ्यायला थांबतो तो
ओळखीचाच.

ओलं काही प्लॅस्टिकात भरू नको, कुजतं.
कागदात. सावलीत वाळवून. तोंड चिकटव,
सही अशी कर की निम्मी चिकटपट्टीवर, निम्मी पिशवीवर.

मग तो.
गुराम, एकतीस वर्षं रोपवेचा डबा
दरीवरून अलीकडे-पलीकडे नेलेला,
स्वतःच्या फरशीवर कुशीवर.
नखांखाली काय असेल ते राहावं म्हणून
त्याच्या हातांना कागदी पिशव्या,
मनगटाशी सैल दोरा.
बांधताना पाहिलं,
हाताळू नये असं काही समोर असल्यासारखे
त्याचेही हात झाकलेले.

तेव्हाच मी टोपी काढली. क्षणभरच.
आमच्याकडे काढतात.

दारातल्या नोंदवहीत सगळ्यांच्या वेळा:
नोदार आत, नोदार बाहेर. डॉक्टर आत, बाहेर.
मकवाला, अंदाजे. मी.
बूटवाल्याची ओळ रिकामी,
ती आम्ही नंतर भरणार होतो.

आठवड्यानं प्रयोगशाळेचा कागद आला.
क्रमांक चौदा: केस, लांब, तपकिरी, मृताच्या बाहीवर.
मी खोडायला पेन उचललं.
खोडायचं नाही, नोदार म्हणाला.
एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी.
बाजूला खरं काय ते लिही, तारीख, सही.

लिहिलं.
केस तपासणाऱ्या बाईचा.