हजेरीच्या चिठ्ठ्या

आबिलियु म्हणतो, पुन्हा?
मी म्हणते, पुन्हा.
तो वहीत माझ्या नावापुढे एक छोटा गोल काढतो,
रागाने नाही, हिशेब राहावा म्हणून.
मार्चमधे असे सहा गोल झालेत
आणि आज एकवीसच तारीख.

मारिन्या ग्रान्दच्या या कारखान्यात
मी बाटल्या बघते.
दिव्यासमोरून एकामागे एक सरकत जातात.
मान बारीक, तळ तिरका,
काचेत अडकलेला बुडबुडा दिसला
की उचलायची, मागच्या पिंपात टाकायची.
फुटल्याचा आवाज आता मला ऐकू येत नाही.
अकरा वर्षं झाली.

मंगळवारी आणि शुक्रवारी
साडेअकराला हातमोजे काढून लैरियाची बस पकडते.
पॅकिंगमधली नेलिदा जेवणाची सुट्टी मोडून
माझ्या स्टुलावर बसते.
एकदा तिला संत्री नेऊन दिली.
तिच्याच झाडाची निघाली,
तिच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला दिलेली.

बाळ जरा लहान आहे, असं डॉक्टर म्हणाली.
'जरा'वर तिने जोर दिला नव्हता.
मीच देतेय तेव्हापासून,
बसमधे, जिन्यात, दात घासताना.

देओलिंदा नर्स पोटाला दोन पट्टे बांधते,
एक गुलाबी होता कधीतरी, एक निळा,
धुऊन धुऊन दोन्ही राखाडी.
हातात बटण देते. हाललं की दाब.
मग टापा सुरू होतात,
कुणीतरी घाईने निघालंय
आणि अजून पोचत नाहीये, अशा.

अंगठा बटणावर ठेवून मी पडून राहते.
कामावर करते तेच इथेही,
डोळ्यांत तेल घालून बघायचं.
फक्त तिथे काही दिसलं तर भीती,
इथे काही दिसलं नाही तर.

गेल्या शुक्रवारी वीस मिनिटं बटण तसंच.
देओलिंदाने पीचचा गार रस पाजला,
पोटाला बाजूने धक्का दिला,
रात्रपाळीवाल्याला उठवावं तसा.
झोपलंय, म्हणाली.
आणि माझ्या मनात आलं,
एक-पन्नासची बस गेली.
अगदी हेच, याच शब्दांत.
आधी बस, मग बाळ.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
आईला तर नाहीच. ती फोनवर म्हणते,
सोड ना ती नोकरी,
जणू घराचा हप्ता बँक विसरून जाईल
माझं पोट बघून.

मग एक लाथ.
बटण.
अजून एक. कागदावर डोंगर,
दरी, पुन्हा डोंगर.
देओलिंदा कागद फाडून घेते, वाचते,
चेहऱ्यावर काही येऊ देत नाही.
तिलाही अकरा वर्षं झाली असतील.
छान, म्हणते. मंगळवारी ये.

खिडकीवरचा माणूस चिठ्ठीवर शिक्का मारतो.
आल्याची वेळ, गेल्याची वेळ.
मधल्या दोन तासांना
कागदावर 'देखरेख' म्हणतात.

परत आले तेव्हा नेलिदा उभीच होती,
एका हातात पाव, डोळे बाटल्यांवर.
सहा काढल्या, म्हणाली, एकीबद्दल खात्री नाही.

ती एक मी दिव्यासमोर धरली.
खांद्याजवळ बुडबुडा, तिळाएवढा.
तिळाएवढा चालतो, नियमातच आहे.
अकरा वर्षं तो नियम पाठ आहे मला,
तरी त्या दिवशी
ती बाटली पुन्हा पट्ट्यावर ठेवली
आणि वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिले.
तेवढ्यात तीन न बघताच गेल्या.

आबिलियुने चिठ्ठी घेतली, टाचणीला टोचली.
पेन उघडलं, गोल काढला.
मग वहीतून वर न बघता म्हणाला,
मंगळवारी सव्वाअकरालाच निघ,
ती बस हल्ली लवकर सुटते.