पिवळा चेंडू

मी एकूण पाच वेळा मेलो.
पहिल्या भागात तीनदा: दोनदा शत्रूच्या बाजूने,
एकदा आपल्या, कारण त्या दिवशी आपली माणसं कमी पडली
आणि कपडेवाल्या बाईने विचारलं, "मर्डॉक, रिकामा आहेस का?"
दुसऱ्या भागात एकदाच, पण पाण्यात.
शेवटच्या भागात घोड्याखाली.
घोडा माझाच. ऐन वेळी त्याला दया आली,
तो बाजूला झाला. पुन्हा मरावं लागलं.

मरणाचा रोज ठरलेला होता, जेवण धरून.
मेंढ्या कातरण्यापेक्षा बरं;
कंबर तरी धरत नाही.

नायरीला मात्र मरायचं नव्हतं.
तिने अर्जात लिहिलं: पळायला आवडेल.

तर उतारावर दोनशे बायका,
अंगात गोणपाटाचे झगे, पोटाशी बोचकी.
बोचक्यात बाळं म्हणून आमच्याच शेडमधली लोकर.
एका पोराने लांब काठी उंच धरली,
काठीच्या टोकाला टेनिसचा पिवळा चेंडू.
म्हणाला, "हा ड्रॅगन. याच्याकडे बघा आणि घाबरा."

सहा वेळा ती हसली. सहा वेळा सगळ्याजणी
पुन्हा उतार चढून वर गेल्या.
सातव्यांदा हसली नाही.
रात्री विचारलं, काय आठवलंस?
म्हणाली, "वारा फिरला होता.
दोरीवर कपडे होते."

तिन्ही भाग एकदमच काढून ठेवले होते,
दाखवायचे मात्र वर्षाला एक.
दुसरा आला तेव्हा तिच्या डोक्याला रुमाल होता.
तिसऱ्याला अजून अकरा महिने.
मी डॉक्टरला हाच आकडा सांगितला.
तो पेनाचं टोपण लावत राहिला.

ओमारामाच्या सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
गाव स्वतःला शोधायला आलेलं.
पराओने तुरेईला आपलं कोपर दिसलं, तो उठून उभा राहिला.
मागून कुणी ओरडलं, "खाली बस, कोपरा!"
मी घोड्याखाली मेलो. टाळ्या पडल्या.

मग तो उतार आला.
बायका पळाल्या. दीड सेकंद, फार तर.
तिने वर पाहिलं
आणि जिथे चेंडू होता तिथून
पंख निघाले, धूर निघाला, अर्धं आभाळ झाकलं.

तिने तो कधीच पाहिला नाही.
ती घाबरली तेव्हा तो नव्हता,
तो झाला तेव्हा ती.
कुठल्याशा बंद खोलीत कुणी परकं पोर
रात्र रात्र जागून एकेक खवला बसवत गेलं
तिच्या नजरेच्या टोकाला.
नजर बरोबर होती. बोटभरही ढळली नव्हती.

पुढे राजा गादीवर बसला, म्हणे.
जहाजं गेली. लोक नाकं पुसत होते.
शेवटी नावं सुरू झाली, खालून वर, मुंगीच्या अक्षरात.
स्वयंपाक्यांची आली, सुतारांची आली,
माझ्या घोड्याचं आलं.
दोनशे बायकांचं एकच: गावकरी.

बाहेर डिसेंबर. साडेनऊ वाजले तरी उजेड.
तुरेई म्हणाला, सोडू का घरी? नको म्हटलं.

दोरीवर माझेच कपडे होते, सकाळपासून.
वारा फिरला होता.
मी वर बघितलं, बराच वेळ,
काठी कुणी धरली नसताना.
तिथे अजून कुणी काही बसवलेलं नाही.